बावीसशे तेरा

"साहेब, सकाळी लाईट गेल्ती. भोंग्याचं परत चालू झालं का, बघा की जरा."

मुळीकमामा कंप्युटर रूमच्या दारात उभे होते. गमबूट बाहेर काढलेले, पाय ओले, आणि माझ्या स्वच्छ फरशीवर पाऊल ठेवू की नको अशी अवस्था.

"झालं असणार, मामा. मशीन चालू झालं की ते आपोआप चालू होतं."

"असनार नगं. बघून सांगा."

मला हसू आलं. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, आणि मला, चांगल्या इंजिनिअरला, 'असनार नगं' म्हणतोय. पण मामांपुढे वाद घालून उपयोग नसायचा. मी चालू प्रोग्रॅमची यादी काढली, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हा बघा तुमचा भोंगा. चालू आहे. नंबर बावीसशे तेरा."

मामा वाकले, डोळे बारीक करून त्यांनी तो आकडा पाहिला. "बावीसशे तेरा," ते पुटपुटले. "मग हरकत न्हाई." आणि गमबूट चढवून गेले.

याला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि एका तालुक्याच्या दूध संघात कंप्युटर खात्याचा सर्वेसर्वा होतो; म्हणजे त्या खात्यात मी एकटाच होतो. संघाचं नाव सांगत नाही. सांगून आता कुणाचंच भलं व्हायचं नाही.

दूध थंड करायला अमोनिया लागतो. मोठमोठी मशीनं, जाड पाइप, आणि त्यातून फिरणारा तो जीवघेणा वायू. कुठे गळती झाली तर सेन्सरला कळतं आणि प्लँटच्या खांबावरचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून गेटकडे पळायचं, हा नियम. मी यायच्या आधी तो भोंगा सेन्सरला सरळ जोडलेला होता आणि वैताग होता नुसता. मशीनमध्ये अमोनिया भरताना चिमूटभर वाफ निघाली तरी बोंबलायचा, दिवसातून चार-चार वेळा. मग ती मशीनं सांभाळणारे मुळीकमामा शिडी लावायचे आणि भोंग्याच्या तोंडावर ओलं पोतं बांधायचे, काथ्यानं आवळून. काम संपलं की सोडायचे. हे सगळ्या प्लँटला माहीत होतं. मॅनेजर जाचक साहेबांनाही माहीत होतं, पण ते शिडी दिसली की मान दुसरीकडे वळवायचे.

मी लागल्यावर महिन्याभरात मामांनी मला गाठलं. "साहेब, हे पोतं बांधायचं पाप माझ्या हातनं नगं. तुमच्या यंत्राला जरा शानपन शिकवा."

मी शिकवलं. सेन्सरची तार कंप्युटरला जोडली आणि प्रोग्रॅम लिहिला: वायू सलग वीस सेकंद वाढलेला दिसला तरच भोंगा. त्यानंतर भोंगा एकदाही उगाच वाजला नाही, आणि मामांनी एकदाही पोतं बांधलं नाही. पोतं मात्र खांबाच्या बुडाशी तसंच पडून राहिलं, काथ्याचं एक टोकही वर भोंग्याला लटकत राहिलं. ते काढून टाकायचं कुणाला सुचलं नाही. मामा सगळ्यांना सांगत फिरायचे, "आता वाजला म्हंजी खराच. खरोटे साहेबांचा प्रोग्रॅम हाय." मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तर त्या सकाळी मामा गेले आणि दहा वाजून गेल्यावर फोन वाजला. संकलन विभागातल्या देशमानेबाई.

"अहो खरोटे, दूध संकलनाचा रिपोर्ट आज निघतच नाहीये! अकराला अध्यक्षांची मीटिंग आहे. तो तुमचा झटका द्या बरं एकदा."

झटका म्हणजे माझी छोटी स्क्रिप्ट. रिपोर्टचा प्रोग्रॅम आठवड्यातून दोनदा तरी अडकायचा. तो अडकला की झटका त्याला मारून टाकायचा आणि नव्यानं सुरू करायचा. पाच ओळींचं काम, पर्ल नावाच्या कंप्युटरच्या भाषेत लिहिलेलं. त्या पाच ओळींचा मला केवढा अभिमान! मी झटका दिला. स्क्रीनवर नेहमीसारखी ओळ आली, 'थांबवला', आणि खाली 'सुरू केला'. दोन मिनिटांत रिपोर्ट निघाला.

"देव तुमचं भलं करो," देशमानेबाई म्हणाल्या. मी चहा मागवला.

अकरा वाजायला आले असतील. बाहेर कुणीतरी ओरडलं. मग दोघं-तिघं ओरडले. मी खिडकीतून पाहिलं तर मशीन हॉलच्या अंगानं पांढरा धूर जमिनीलगत पसरत होता आणि माणसं कशीही, कुठेही पळत होती. मी धावलो. पन्नास पावलांवरच डोळे असे चुरचुरले की पुढचं दिसेना.

मुळीकमामा गच्चीवर होते, कंडेन्सरपाशी. तिथे पाण्याचा आणि पंख्याचा एवढा आवाज असतो की शेजारचा माणूस बोललेला ऐकू येत नाही. ऐकू येतो तो फक्त भोंगा. मामांनी खाली पाहिलं तेव्हा हॉल धुरानं भरलेला होता. ते जिन्यानं धडाधड उतरले, तोंडावर ओला टॉवेल बांधला आणि आत शिरून त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला. त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले.

हॉलला लागून क्रेट धुवायची खोली होती. तिथे चार बायका कामाला होत्या. वाफ, सोड्याचा भपकारा, नळांचा आवाज. त्यामुळे वायूचा वास त्यांना फार उशिरा आला. तिघी गेटकडच्या दारानं बाहेर पडल्या. कमल तानपुरे जवळच्या दारानं पळाली, आणि ते दार मशीन हॉलमध्ये उघडत होतं.

तिला मामांनीच उचलून बाहेर आणलं. मी पाहिलं ते. पाहायला नको होतं.

कमल त्यांच्याच गावची, त्यांच्याच आळीतली. नवरा वारल्यावर मामांनीच जाचक साहेबांच्या हातापाया पडून तिला इथे चिकटवली होती. तीही त्यांना मामाच म्हणायची. गाडीत घालताना मामा तिच्या तोंडावर पाणी मारत होते आणि एकच बडबडत होते, "भोंगा का न्हाई वाजला? आँ? भोंगा का न्हाई वाजला?"

तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती गेली.

दुपारी एकच्या सुमाराला मी कंप्युटर रूममध्ये परत आलो. कानात मामांचा तोच प्रश्न. मी यादी काढली. भोंग्याचा प्रोग्रॅम यादीत नव्हता.

आधी वाटलं, आपोआप बंद पडला असेल. मी तो पुन्हा सुरू केला. मग त्याची नोंद उघडली. त्याआधीचं शेवटचं रीडिंग सकाळचं, दहा वाजून बारा मिनिटांचं. दहा बारा. तेव्हा मी काय करत होतो? देशमानेबाईंचा फोन. झटका.

मी झटक्याची नोंद उघडली. मला प्रत्येक गोष्टीची वेळ टिपून ठेवायची खोड होती. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं: दहा बारा, बावीसशे तेरा, थांबवला.

ही भानगड ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मशीनवर जो प्रोग्रॅम चालू होतो त्याला मशीन एक नंबर देतं, दवाखान्यात टोकन मिळतं तसं. आज बावीस नंबरचं टोकन तुमचं, उद्या तेच दुसऱ्याचं. आपला नंबर कोणता, हे प्रोग्रॅमला विचारणं एकदम सोपं. पर्लमध्ये नुसती दोन डॉलरची चिन्हं लिहिली की नंबर हातात. माझा रिपोर्टचा प्रोग्रॅम चालू होताना असा आपला नंबर विचारायचा आणि एका फाइलीत लिहून ठेवायचा. झटका ती फाइल वाचायचा आणि त्या नंबरला मारायचा. बस्स.

त्या दिवशी लाईट गेली, मशीन बंद पडलं आणि चालू झाल्यावर नंबरवाटप पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. रिपोर्टचा प्रोग्रॅम त्या सकाळी उठलाच नव्हता. फाइलीत राहिला होता त्याचा आदल्या दिवशीचा नंबर, बावीसशे तेरा. आणि आज ते टोकन भोंग्याला मिळालं होतं.

मारण्याआधी नाव विचारायचं असतं. हा नंबर आहे तो रिपोर्टच आहे ना, एवढंच. एक ओळ. माझ्या पहिल्या नोकरीत माझ्या सीनियरनं मला ती ओळ लिहायला लावली होती आणि मी तेव्हा तोंड वाकडं केलं होतं. इथे मला विचारणारं कोण होतं? वर सगळे प्रोग्रॅम मी एकाच मालकी हक्कानं चालवायचो, पासवर्डची कटकट नको म्हणून. नाहीतर परक्या मालकाचा प्रोग्रॅम मारताना मशीननंच झटक्याला अडवलं असतं.

सकाळीच मी त्या आकड्यावर बोट ठेवून मामांना दाखवला होता. आणि तासाभरात तोच आकडा मी मारला, स्क्रीनवर काय आलंय ते न वाचता.

मला लाज वाटली. पण खरं सांगतो, भीती त्याहून जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी फॅक्टरी इन्स्पेक्टर आले, सोबत फौजदार. सगळे खांबाखाली जमले. वायू बसवायला आदल्या दिवशी मारलेल्या पाण्यानं सगळा प्लँट चिंब झाला होता, त्यामुळे खांबाच्या बुडाशी पडलेलं पोतंही ओलं. वर काथ्याचं टोक लटकतंय. इन्स्पेक्टरनी पोतं काठीनं उचललं.

"हे काय?"

पॅकिंगमधला एकजण म्हणाला, "मुळीकमामा बांधायचे साहेब, भोंग्याला. सगळ्यांना माहिती आहे."

मामा दोन्ही हातांना बँडेज बांधून उभे होते. "पयलं बांधायचो," ते म्हणाले. "वरीस झालं, न्हाई बांधलं. साहेबांनी प्रोग्रॅम केल्यापास्नं न्हाई. काल सकाळी साहेबांना इचारून आल्तो म्या, चालू हाय का म्हनून. इचारा त्यांना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आले होते," मी म्हणालो. "लाईट आल्यावर. मी पाहिलं. चालू होता."

हे खरंच होतं. अक्षर न् अक्षर खरं.

"आत्ता चालू आहे?" इन्स्पेक्टरनी विचारलं.

"आहे."

"वाजवून दाखवा."

मी आत गेलो, खोटं रीडिंग घातलं आणि वीस सेकंद थांबलो. भोंगा वाजला. असा वाजला की गावातली कुत्री भुंकायला लागली. मी बाहेर आलो तेव्हा मामा मान वर करून त्याच्याकडे बघत होते. तोंड उघडं पडलेलं.

"वाजतोय की व्यवस्थित," फौजदार म्हणाले. "म्हणजे काल तोंड बांधलेलं होतं, आणि मग पाण्याच्या माऱ्यानं पोतं गळून पडलं."

इन्स्पेक्टरनी कालची रीडिंग मागितली असती तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. त्यांना ते सुचलं नाही. मी सुचवलं नाही.

संध्याकाळी मी जाचक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. देवाशपथ, सांगायलाच गेलो होतो. साहेब डोकं धरून बसले होते. मला पाहिल्यावर म्हणाले, "ये, खरोटे. बस. तुझा प्रोग्रॅम होता म्हणून वाचलो बाबा. यंत्रणेत दोष निघाला असता तर प्लँटला टाळं लागलं असतं. तीनशे घरं उपाशी मेली असती. आता एका माणसाची चूक म्हणून मिटेल."

"साहेब, मामांनी पोतं बांधलं असेल असं मला..."

"तू पाहिलंस का, नाही बांधलं ते?"

"नाही."

"मग? बोल, काय म्हणत होतास?"

मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत बसलो. घरी बायकोला सातवा महिना होता. मला फौजदाराचा पट्टा दिसत होता, आईचं तोंड दिसत होतं, आणि आपलं कॉलेजचं सुवर्णपदकही दिसत होतं. माझी अक्कल बघा, अशा वेळी पदक!

"काही नाही," मी म्हणालो आणि उठलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा कंप्युटर रूममध्ये आले. या वेळी अनवाणीच होते. बँडेजमुळे बूट घालता येत नव्हते म्हणे, कुणाला घालून दे म्हणायची लाज वाटली. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"साहेब, कमलची आई आल्ती काल दारात," ते म्हणाले. "शिव्या न्हाई, रडणं न्हाई. नुस्तं म्हनली, बांधलंस का न्हाई तेवढं सांग. पोरीच्या गळ्याची शपथ घिऊन सांग."

"मग?"

"मग काय. तोंडच उघडंना." मामांनी हातांकडे पाहिलं. "ह्येच हात बांधायचे की, साहेब. पाच वर्सं बांधलं. शिडी लावायची, पोतं भिजवायचं, काथ्या आवळायचा. ध्यान नसताना बी झालं आसंल. त्या दिवशी सकाळी लाईट गेल्ती, गडबड व्हती. अमोनिया भरायचा व्हता. बांधून वर गेलो आसंन गच्चीवर. मला आठवत न्हाई. पन मला न आठवल्यानं काय व्हतंय?"

"मामा, तुम्ही नका असं..."

"ऐका. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. म्हनून तुमच्याकडं आलोय. तुमच्या कंप्युटरात सगळं लिवल्यालं असतंय, टायम टायमाचं. तुमी मला एकच सांगा. ग्यास सुटला त्या टायमाला प्रोग्रॅम चालू व्हता का? चालू नसंल तर माझ्यावरचं वज्जं उतरलं. जाऊन तिच्या आईला सांगतो, न्हाई बांधलं. चालू आसंल तर भोंगा वाजला आसनार, आन वाजून ऐकू आला न्हाई म्हंजी म्याच बांधलं."

इतकं सरळ मला त्या तीन दिवसांत कुणीच विचारलं नव्हतं. ना इन्स्पेक्टरनी, ना फौजदारानं. ती नोंद माझ्या मागच्या स्क्रीनवरून दोन बटणांच्या अंतरावर होती. मामांना वाचता आलं नसतं, पण आकडा त्यांना कळला असता. बावीसशे तेरा.

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांत एवढी आशा होती की मला तिथे उभं राहणं अशक्य झालं. माणसानं माझ्यावर इतका विश्वास का ठेवावा, असा उलट रागच आला मला त्यांचा. हेही सांगूनच टाकतो.

"चालू होता," मी म्हणालो.

मामांनी मान हलवली. दोनदा, तीनदा. त्यांचं अंग एकदम सैल पडलं, जसं काही त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं. मग ते खुर्चीवर बसले.

"तुमचा प्रोग्रॅम न्हाई चुकायचा," ते म्हणाले. "मला वाटलंच व्हतं."

बाहेर कमलच्या जागी आलेली नवी बाई क्रेट धूत होती.

"साहेब, एक काम करा. माझं लिवून द्या. जाचक साहेब म्हनत्यात, कबूल केलंस तर बरं पडंल. मला लिवता येत न्हाई, आन आता हात बी असले. तुमी लिवा, आंगठा लावतो."

"मी?"

"दुसरं कोन हाय माझं हितं?"

मी ड्रॉवरमधून कागद काढला. कागदाखाली वही घेतली. मामा सांगत गेले. मी, यशवंत बाबू मुळीक, वय छप्पन्न, राहणार अमुक. त्या दिवशी सकाळी मी सवयीप्रमाणे भोंग्यास ओले पोते बांधले. ते सोडण्याचे माझ्याकडून राहून गेले. त्यामुळे भोंगा वाजूनही कोणास ऐकू आला नाही. ते अडखळत बोलत होते, मी शुद्ध भाषेत लिहीत होतो. एके ठिकाणी ते थांबले आणि म्हणाले, "कमल कशी गेली ते बी लिवायचं का?" मी म्हणालो, "नको." म्हणाले, "लिवा." मी लिहिलं.

त्या कागदावर पुढे अडीच वर्षं केस चालली आणि त्यांना शिक्षा झाली. सुटून आल्यावर ते गावी राहिले नाहीत, लेकीकडे कुठेतरी गेले आणि चार वर्षांपूर्वी वारले. मी त्या संघात आणखी सहा महिने होतो. ती नोंद मी कधी पुसली नाही. पुसायची गरजच पडली नाही, कुणी मागितलीच नाही.

लिहून झालं. बँडेजमधून डाव्या हाताचा अंगठा तेवढा मोकळा होता. मी शाईचा पॅड त्यांच्यापुढे धरला. त्यांनी अंगठा उठवला, फुंकर मारून वाळवला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"एकदा वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मामा मान खाली घालून ऐकत होते.

"समदं खरंखुरं लिवलंय न्हवं, साहेब?" त्यांनी विचारलं. "कायतरी राहिलं आसंल तर बघा. खोटं नगं जायला."

"काही राहिलं नाही," मी म्हणालो आणि कागदाची घडी घालून त्यांच्या खिशात ठेवली.